धोटा राहिला नव्हता

आमच्या घरात कुणी काही विसरलं की ‘धोटा राहिला’ असं म्हणतात. छत्री राहिली तरी धोटा राहिला, किल्ली राहिली तरी धोटा राहिला. माझी नात मुंबईला नोकरी करते. शनिवार-रविवार धरून घरी येते आणि जाताना फोनचा चार्जर भिंतीलाच टांगलेला ठेवते. मग विमानतळावरून तिचा फोन येतो, ‘‘आजोबा, धोटा राहिला.’’ तिनं आयुष्यात धोटा पाहिलेला नाही. सुनांनी पाहिलेला नाही, जावयानं तर नाहीच. पण माझी माय मुंबईला निघताना धोटा पेटीत घालायला विसरली आणि त्यापायी सगळ्यांची मुंबई हुकली, ही गोष्ट त्यांना तोंडपाठ आहे. मायचा फोटो ज्या भिंतीवर आहे तिच्याखालीच बसून ते ती सांगतात आणि हसतात. मीही हसत आलो. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा मीच म्हटलं असेल. आता वय झालं, आणि ज्यांना यातलं काही ठाऊक होतं त्यांच्यापैकी मी एकटाच उरलो आहे, म्हणून लिहून ठेवतो. धोटा राहिला नव्हता. मायनं तो पेटीत घातला होता. मी पाहिलं होतं.

आम्ही विणकर. नागपूरला इतवारीच्या मागच्या अंगाला आमची गल्ली होती. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बाबा मागावर बसलेले, आणि त्यांच्या हातातून धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे पळत असे. धोटा म्हणजे होडीच्या आकाराचा, वीतभर लांबीचा लाकडी तुकडा. त्याच्या पोटात सुताची कांडी असते आणि तो उभ्या धाग्यांमधून आडवा धागा ओढून नेतो. बाबांचा धोटा शिसवी होता. त्यांच्या बापाच्या हातात होता तेव्हापासून घासून घासून तो इतका गुळगुळीत झाला होता की माशी बसली तर घसरली असती. दुसरा एक धोटा घरात होता, पण त्यानं सूत तुटतं असं बाबांचं ठाम मत होतं. गल्लीतल्या प्रत्येक घरात माग होता आणि प्रत्येकाचा आवाज निराळा. समोरच्या गणपतजींचा माग खोकल्यासारखा वाजायचा. आमचा खटाक्-खट, खटाक्-खट, आणि मध्येच एक बारीक ‘चीं’. चुलीपाशी बसून माय त्या आवाजावरून सांगायची की आता कांडी संपत आली, आता सूत तुटलं, आता बाबांना चहा पाहिजे. माझी मोठी बहीण शेवंता कांड्या भरायची आणि मी भरलेल्या कांड्या नेऊन द्यायचो. शाळा असली की शाळेत जायचो, तिथं मात्र कानात काहीच वाजायचं नाही, त्यामुळे झोप यायची.

मुंबईचं निघालं त्या वर्षी नागपूरची राजधानी गेली. आमचा प्रांत मुंबईच्या राज्याला जोडला गेला आणि मोठमोठ्या कचेऱ्यांतले कारकून पेट्या-वळकट्या घेऊन मुंबईला निघाले. बाबांचा आणि राजधानीचा संबंध एवढाच, की एकदा सचिवालयासमोरून जाताना त्यांची चप्पल तुटली होती. पण त्यांनी ती गोष्ट फार मनाला लावून घेतली. जेवताना विषय तोच. एके दिवशी भाकरी मोडता मोडता म्हणाले, ‘‘नेली तं नेली. पण कुठी नेऊन ठेवली, ते तं पाहून येऊ.’’

‘‘म्हंजे मुंबईले?’’ शेवंता म्हणाली.

‘‘मंग का सावनेरले?’’

मायनं बाबांच्या भाकरीवर तूप वाढलं, आणि मग पुन्हा वाढलं. तिचा भाऊ, म्हणजे आमचा मामा, मुंबईच्या गिरणीत कामाला होता आणि या एकदा, या एकदा म्हणून कळवत असे. पण मायला भावापेक्षा समुद्र बघायचा होता. लहानपणी उमरेडला कुणीतरी तिला सांगितलं होतं, की समुद्राचा पलीकडचा काठ दिसत नाही. विणकराच्या पोरीला हे पटेना. ‘‘एकाच काठाचं लुगडं असते का कुठी?’’ ती म्हणायची. ‘‘दुसरा काठ असनच. कोणी नीट पाह्यला नसन.’’ तो नीट पाहायचा, हे तिनं तेव्हापासून मनाशी ठरवून ठेवलं होतं.

अडचण होती ती वाराची आणि तिथीची. मामाला रविवारची सुट्टी, म्हणजे रविवारी सकाळी मुंबईत उतरायचं, दिवसभर फिरायचं, रात्रीच्या गाडीनं परत. म्हणजे शनिवारी दुपारची गाडी. आता आमचा माग हक्कानं बंद राहायचा तो महिन्यातून एकदाच, अमावस्येला. त्या दिवशी विणकर धोट्याला हात लावत नाही. तेव्हा बाबांनी असं काढलं की रविवारी अमावस्या पडेल तोच शनिवार-रविवार धरायचा, म्हणजे एक दिवस फुकट मिळतो. अशी अमावस्या काही दर महिन्याला येत नाही. पंचांगाची चर्चा गणपतजींच्या ओट्यावर बरेच दिवस चालली. शेवटी थंडीतली एक सापडली. आणि सापडल्यावर गणपतजी म्हणाले, ‘‘पण शनिवारी चतुर्दशी हाय गा. चतुर्दशीले कोणी परगावी निघते का? रविवारी अमावस्या, अन् वरून पश्चिमेले दिशाशूळ. शुक्रवारी बी दिशाशूळ. तू निघशीन कवा?’’

गणपतजी स्वतः कामठीच्या पलीकडे गेले नव्हते, पण प्रवासाचे नियम त्यांना सगळे ठाऊक होते. उपाय त्यांनीच सांगितला: प्रस्थान ठेवायचं. आजच्या मुलांना हे माहीत नसेल. ज्या दिवशी निघायचं त्या दिवशी मुहूर्त नसला, तर आधीच्या चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू, सुपारी म्हणा, वस्त्र म्हणा, जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला. मग खरं पाऊल कधी का उचलेना, दोष लागत नाही. नियम दोनच. ठेवलेलं प्रस्थान प्रवास झाल्याशिवाय घरी परत आणायचं नाही. आणलं तर मोडलं, पुन्हा मुहूर्त पाहा. त्यात आणखी काही घालायचं असेल तर घालता येतं, काढता येत नाही. गणपतजींचं घर आमच्या अगदी समोर, बरोबर पश्चिमेला. बुधवारी एकादशी होती. सगळं जुळलं.

इतर कुणीही सुपारी ठेवली असती. बाबा म्हणाले, ‘‘सुपारीले का मुंबई पाह्यची हाय? जायचं तं पुरतंच जायचं.’’ आणि त्यांनी सबंध पेटी ठेवली. हिरवी पत्र्याची पेटी, तिच्यावर कमळ. तिच्यात आमचे सगळ्यांचे चांगले कपडे, बाबांचा दाढीचा वस्तरा, घरातली एकुलती कंगवी आणि आरसा, चिवडा, मुरमुऱ्याचे लाडू. पेटीबरोबर मामासाठी संत्र्यांची टोपली. बुधवारी सकाळी बाबा आणि गणपतजी दोन कड्यांना धरून पेटी गल्ली ओलांडून घेऊन गेले. मायनं मागून पाणी शिंपडलं, दोन बायका दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि आम्ही सगळे मुंबईच्या दिशेनं एका गल्लीच्या रुंदीइतके पुढे सरकलो.

पुढचे दिवस फार मजेत गेले. आम्ही घरी होतो, पण निघालेले होतो. दाढी करायची तर बाबा गणपतजींच्या घरी जायचे, कारण वस्तरा निघून गेला होता आणि परत आणता येत नव्हता. शेवंता वेणी घालायला तिकडे. मी शाळेत फाटक्या सदऱ्यात गेलो, मास्तर म्हणाले, ‘‘धड सदरा नाही का रे?’’ मी सांगितलं, ‘‘तो मुंबईला गेलाय.’’ त्यावर मास्तरांनी मला हात पुढे करायला लावून छडीनं काय केलं ते लिहीत नाही. राधाकाकू, म्हणजे गणपतजींची बायको, पेटीपाशी पहाऱ्याला बसल्यासारख्या बसायच्या. त्यांच्या पोरांनी टोपलीकडे हात नेला की म्हणायच्या, ‘‘हात लावू नका रे, ते मुंबईचं हाय.’’ तरी संत्री रोज थोडी थोडी मुंबईच्या आधीच उतरत होती. गल्लीतल्या लोकांनी कामंही सांगितली. एकानं सांगितलं, तिथल्या बाया कोणत्या काठाची लुगडी नेसतात ते पाहून या. राधाकाकूंनी मायला औषधाची रिकामी बाटली दिली आणि म्हटलं, ‘‘समुद्राचं पाणी आणजो वं. देवापाशी ठेवीन.’’ बाबांचं स्वतःचंही एक काम होतं. उन्हाळ्यात आमच्याकडे हवा इतकी कोरडी, की सूत कडाकडा तुटायचं आणि खड्ड्यात पाणी शिंपडून बसावं लागायचं. मुंबईच्या हवेत पाणीच असतं असं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी कांडीवरचं सूत वेगळं खिशात ठेवलं होतं. समुद्रावर उभं राहून ते ओढून पाहायचं, तुटतं की नाही.

या सगळ्यात एकच माणूस खूश नव्हता, तो म्हणजे मी. त्याला कारण नत्थू. नत्थू माझ्या वर्गात होता. त्याचा चुलता रेल्वेत खलाशी होता, म्हणून जगातल्या सगळ्या गोष्टी नत्थूला माहीत असायच्या. त्यानं मला विचारलं, ‘‘कोणत्या दिवशी हाय बे तू तथी?’’

‘‘अमावस्येले.’’

नत्थूनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी आपसूक स्वतःचे हातपाय पाहिले. ‘‘अमावस्येले समुद्र चढते बे,’’ तो म्हणाला. ‘‘आपल्या नदीवानी नाही, पाऊस बी लागत नाही त्याले. आपल्या मनानं चढते. दुसऱ्या माळ्यावरी पाणी जाते. तुहा मामा कोणत्या माळ्यावर राह्यते?’’

मामा तळमजल्यावर राहत होता.

मी घरी येऊन मायला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. ‘‘माय, समुद्र अमावस्येले चढते का वं?’’

‘‘कोण म्हणते?’’

‘‘नत्थू.’’

ती हसली नाही, हे मला अजून आठवतं. तिनं विचार केला. म्हणाली, ‘‘मले नाही माहीत गा बाबू. मी का पाह्यला हाय? पाहून आली का सांगीन तुले.’’ मी म्हणालो, मी पण तर येणारच आहे तुझ्याबरोबर. ‘‘हाव,’’ ती म्हणाली, ‘‘मंग दोघं बी पाहू.’’ यानं माझी भीती गेली नाही. उलट आता मायही बुडणार हे पक्कं झालं.

मायला भीती होती ती वेगळीच. बाबा ऐनवेळी मागावर बसतील याची. रामटेकच्या जत्रेला निघताना ते ‘हातभर विणून घेतो’ म्हणून बसले आणि आम्ही गेलो तेव्हा दुकानदार तंबू गुंडाळत होते. सावनेरला लग्नाला पोचलो तेव्हा पत्रावळी उचलत होते. नवरा-नवरी आमच्या पाया पडून निघून गेली. म्हणून शुक्रवारी दिवेलागण झाली, बाबा माग थांबवून हातपाय धुवायला मागे गेले, तशी तिनं धोटा उचलून पदराखाली घेतला. दुसरा धोटा तिनं सकाळीच राधाकाकूंना उसना देऊन टाकला होता. मला म्हणाली, ‘‘चाल बरं, पेटीत बाटली ठेवायची हाय.’’ गणपतजींच्या घरी तिनं पेटी उघडली, राधाकाकू पाणी आणायला वळल्या, आणि तिनं बाटलीबरोबर धोटा माझ्या सदऱ्याच्या घडीत सारला. मी पाहिलं हे तिला दिसलं. ‘‘बाबाले सांगू नको,’’ ती म्हणाली, ‘‘गाडीत बसलो का मी सांगीन.’’ तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी तोवर शेवंताच्या चेहऱ्यावरच पाहिलं होतं, चिंचा चोरताना.

शनिवारी सकाळी नत्थू निरोप द्यायला आला. त्यानं मला एक गोटी दिली, त्याची सगळ्यात चांगली, आतून निळी. म्हणाला, ‘‘राहू दे आता तुह्याजवळ. परत आला तं खेळू.’’ नत्थू कुणाला कधी गोटी द्यायचा नाही. मी ती गोटी मुठीत धरून गल्ली ओलांडली. गणपतजींच्या घरी पेटीपाशी कुणी नव्हतं, सगळे मागे विहिरीवर होते. ‘बाबाले धोटा मिळाला तं बाबा बसन’, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्याच्यापुढे काही नव्हतं. प्रस्थान मोडतं वगैरे मला सुचलंसुद्धा नाही. मी धोटा काढला, सदऱ्याची घडी जमेल तशी घातली, आणि धोटा नेऊन मागावर त्याच्या जागेवर ठेवला. मग मी चुलीपाशी जाऊन मायला विचारलं, काही मदत पाहिजे का. असं मी त्याआधी कधी विचारलं नव्हतं.

बाबांची आंघोळ झाली होती. गणपतजींकडे जाऊन ते नवं धोतर, कोट, टोपी असे तयार होऊन आले होते; निघायच्या दिवशी अंगावर घातलेलं काढल्यात धरत नाहीत, असं गणपतजींनीच सांगितलं होतं. गाडीला अजून वेळ होता. निघण्यापूर्वी मागाला नमस्कार करायचा म्हणून ते पुढच्या खोलीत गेले.

माय दशम्या फडक्यात बांधत होती. खटाक्-खट. तिनं गाठ मारली. खटाक्-खट, चीं. तिचे हात थांबले. गल्लीत सगळे माग वाजत होते, पण हा आमचा होता. ती उठली, तिच्यामागे मी आणि शेवंता. बाबा कोट-टोपीसकट खड्ड्यात पाय सोडून बसले होते आणि धोटा पळत होता.

‘‘आवो,’’ माय म्हणाली, ‘‘हे काय करून राहिले?’’

‘‘हातभर. पदरच राह्यला होता.’’

‘‘धोटा कुठून आला?’’

‘‘कुठून येईन? अथीच तं होता.’’

‘‘मी पेटीत घातला होता.’’

बाबांचा हात हवेत थांबला. एवढ्यात टांगा दाराशी आला होता. टांगेवाले रहमानभाई खाली उतरून घोड्याला थापटत होते. आवाज ऐकून गणपतजी अर्ध्या दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून आले, मागून राधाकाकू. बाबांनी धोटा तळहातावर धरून सगळ्यांना दाखवला. गणपतजींनी तो दुरूनच पाहिला, हात लावला नाही.

‘‘पेटीतून परत आला म्हंता?’’ ते म्हणाले. ‘‘मंग मोडलं. प्रस्थान मोडलं गा. आता पुढची अमावस्या पाहा.’’

‘‘धोट्याले का पाय हायेत?’’ राधाकाकू म्हणाल्या. ‘‘मी तथीच बसून होती. माह्या घरातून कोण काढून नेईन?’’

‘‘बरं, तू घातला होता का नव्हता?’’ बाबा मायला म्हणाले. चिडून नाही, खरोखर विचारलं. ‘‘घातला असन, तं जाता येत नाही. नसन घातला, तं काहीच मोडलं नाही, चाला. खरं सांग.’’

मी शेवंताच्या मागे उभा होतो. मायनं आधी बाबांकडे पाहिलं, मग रस्त्यातल्या टांग्याकडे, मग शेवंताकडे, मग माझ्याकडे. माझ्या मुठीत नत्थूची गोटी होती. माझ्याकडे ती इतरांपेक्षा फार जास्त वेळ पाहत होती असं मी आता म्हणतो, पण तेव्हा तसं होतं की नंतर मी ते वाढवलं, हे मला सांगता येणार नाही.

‘‘नसन घातला,’’ माय म्हणाली. ‘‘घालीन घालीन म्हणलं अन् विसरली असन. अथीच राह्यला.’’

मग गणपतजींना हसू फुटलं आणि साबणाचा फेस उडाला. ‘‘धोटा राह्यला,’’ ते म्हणाले, ‘‘अन् बाई म्हणते मुंबईले गेला.’’ राधाकाकू हसल्या, शेवंता हसली, बाबा तर इतके हसले की टोपी खड्ड्यात पडली. मीही हसलो. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो, कारण मला सुटल्यासारखं झालं होतं. मायसुद्धा हसली, पदर तोंडाला लावून. एवढ्या स्वस्तात मुंबई वाचली याचंच तिला हसू आलं असणार.

पण वाचली नव्हती. बाबा म्हणाले, ‘‘मंग झालं तं. चाला. पदर होऊ दे फक्त.’’

पदर विणायला घेतला की विणकर मध्ये उठत नाही. मध्ये उठलं की हाताचा जोर बदलतो आणि कापडावर आडवी रेघ उमटते, ती धुऊन जात नाही, वापरून जात नाही. दहा लोकांत ती बाई उभी राहिली की रेघ सांगते, इथं विणणारा उठला होता. बाबांना सगळं चाललं असतं, रेघ चालली नसती. आणि मायला हे त्यांच्याइतकंच ठाऊक होतं, म्हणून ती ‘उठा’ म्हणाली नाही. ती फडक्यातल्या दशम्या मांडीवर घेऊन मागाशेजारी बसली आणि कांडी संपली की दुसरी हातात द्यायला लागली, म्हणजे तेवढाच वेळ वाचेल. बाबा त्या दिवशी विणले तसं मी त्यांना कधी विणताना पाहिलं नाही. घाम कोटातून बाहेर आला. रहमानभाई अधूनमधून दारात डोकावून म्हणायचे, ‘‘सेठ, गाड़ी अपनी नहीं है, सरकारी है. रुकेगी नहीं.’’

पदर झाला. बाबा उठले, आणि त्याच वेळी लांबून स्टेशनाकडून इंजिनाची शिट्टी आली. ती आमच्याच गाडीची होती असं काही नाही, गाड्या पुष्कळ असतात. पण कुणीही तसं म्हटलं नाही. बाबांनी टोपी उचलली, झटकली, आणि घातली नाही. मायनं दशम्यांचं फडकं खाली ठेवलं, त्याची गाठ सोडली, मग पुन्हा बांधली.

‘‘मेरा क्या?’’ रहमानभाई म्हणाले. ‘‘घोड़ा जोत के खड़ा हूँ सुबह से.’’

मग गणपतजींना नियम आठवला. पेटी प्रवास केल्याशिवाय घरी आणता येत नव्हती. आणली तर मोडलेलं प्रस्थान घरात, फार वाईट. नाही आणली तर आमचे कपडे, कंगवी, आरसा कायमचे गणपतजींकडे, तेही त्यांना नको होतं. बाबांनी गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘‘रहमानभाई, अंबाझरी कोन बाजूले हाय?’’

‘‘पच्छिम,’’ रहमानभाई म्हणाले.

‘‘पाणी हाय?’’

‘‘तालाब है सेठ, पानी नहीं तो क्या घी होगा.’’

असे आम्ही निघालो. टांग्यात पेटी, उरलेली संत्री, नव्या कपड्यांत शेवंता आणि मी, कोटात बाबा, आणि ठेवणीतलं लुगडं नेसलेली माय. पूर्ण गल्ली निरोप द्यायला उभी होती आणि गणपतजी सांगत होते, ‘‘पोचले का कळवा.’’ नत्थू टांग्यामागे थोडा पळत आला. मी त्याला ओरडून सांगितलं, अंबाझरीला चाललो. त्यानं लगेच गोटी परत मागितली.

तलावावर आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि वारा होता. पाण्यावर बारीक बारीक लाटा उठून दगडांवर येत होत्या. आम्ही दशम्या, चिवडा आणि लाडू असं मुंबईचं सगळं जेवण काठावर बसून खाल्लं. रहमानभाईंनाही दिलं. बाबांनी खिशातलं सूत काढलं, पाण्याकडे तोंड करून ओढलं, ते तुटलं. ‘‘हवेत पाणी नाही,’’ ते म्हणाले. मायनं राधाकाकूंची बाटली भरून घेतली. मग ती लुगडं जरा उचलून पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहिली आणि पलीकडे पाहत राहिली. बाबा तिच्यामागे जाऊन उभे राहिले.

‘‘कसं हाय?’’ ते शेवटी म्हणाले.

‘‘चांगलं हाय,’’ माय म्हणाली. ‘‘पण याले दोन्ही काठ हायेत.’’

‘‘अन् राजधानी?’’ शेवंतानं मध्येच विचारलं.

‘‘ते गेलीच हाय,’’ बाबा म्हणाले, ‘‘गेलेल्याले काय पाह्यचं.’’

अंधार पडायच्या आत आम्ही मुंबईहून परत आलो. पेटी सन्मानानं घरात आली. मामा मात्र दुसऱ्या दिवशी स्टेशनावर संत्र्यांची वाट पाहत उभा राहिला, ते आम्हाला नंतर कळलं. राधाकाकूंनी अंबाझरीचं पाणी देवापाशी ठेवलं. देवाला फरक कळत नाही, त्या म्हणाल्या. आणि सोमवारपासून गल्लीत कुणी काही विसरलं की ‘धोटा राह्यला’ सुरू झालं. पुढे मायच्या तोंडावर ते माणसं म्हणायची, पोरं म्हणायची, तिच्या सुना म्हणायला लागल्या. ती कधी ‘मी विसरली नव्हती’ असं म्हणाली नाही. म्हटलं असतं तर विचारलं गेलं असतं, मग कुणी काढला.

तिनं समुद्र पाहिला तो पुष्कळ वर्षांनी. बाबा गेले होते, माग विकला होता, मला नोकरी लागली होती. तिला मी घेऊन गेलो असतो, पण माझंही दर वेळी काही ना काही हातभर राहतच गेलं. शेवटी ती गल्लीतल्या बायकांबरोबर यात्रेला गेली आणि वाटेत मुंबई होती. परत आली तेव्हा मी तिला आणायला स्टेशनावर गेलो. तीच हिरवी पेटी, कमळ बहुतेक पुसलेलं. सोबतच्या बायका मला सांगत होत्या, तुमच्या आईनं फार त्रास दिला, आम्ही सगळ्या बाजारात गेलो तर ही चौपाटीवरून उठायलाच तयार नाही, दुपारपासून अंधार होईपर्यंत एका जागी बसून राहिली.

सायकलरिक्षा निघाली तशी मी विचारलं, ‘‘काय पाहून राहिली होती वं एवढं?’’

‘‘तुले सांगायचं होतं ना,’’ ती म्हणाली.

मला काही लक्षात आलं नाही. ती थोडा वेळ रस्त्यावरची दुकानं पाहत होती.

‘‘चढते गा बाबू,’’ ती म्हणाली. ‘‘त्या पोरानं खरं सांगितलं होतं. पण मंग उतरते बी. मी उतरेपर्यंत बसून होती.’’

मी ‘हाव’ म्हणालो. धोट्याचं सांगायला याच्यापेक्षा चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती, हे मला तिथंच कळलं. मी पुढे वाकलो आणि रिक्षावाल्याला म्हणालो, ‘‘जरा हळू घे भाऊ, मागे पेटी आहे.’’